दवंडीवाल्या कोबिनाचा दिनविशेष

आमच्या अबाकुरा गावात दिवस भोंग्यावर उजाडतो. बाजाराच्या टोकाला एक पत्र्याची खोली आहे आणि तिच्या डोक्यावर बांबूला बांधलेले चार भोंगे, चार दिशांना तोंड करून. कोण वारलं, कुणाची शेळी हरवली, लस टोचायला नर्स कधी येणार, हे सगळं गावाला तिथूनच कळतं. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा सकाळची ही बातमी वाचायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. शिकलेली पोर आहे, वाचेल, एवढाच विचार.

बातम्या संपल्या की पाच-दहा मिनिटं उरायची. ती भरायला मी मोबाइलवर शोधून दिनविशेष वाचू लागले. बारा एप्रिलला मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आजच्या दिवशी, १९६१ साली, माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला."

खोलीच्या मागेच मासे धुरावणाऱ्या बायकांच्या चुली आहेत. तिकडून आवाज आला, "परत आला का?"

"आला," मी खिडकीतून म्हटलं.

"मग झालं तर! आमचा दादला टेमाच्या बंदरावर गेलाय तो अजून आला नाही. त्याचं सांग काहीतरी!"

बायका खो खो हसल्या. मी ओशाळून कागद आवरत होते तेवढ्यात दारात एज्या कोबिना उभे राहिले. कोबिना अकॉन, आमच्या गावचे दवंडीवाले; एज्या म्हणजे बाबा. सहासष्ट वर्षांचे, उंच, काटकुळे, डाव्या गुडघ्यात कायमची सूज. भोंगे आल्यापासून त्यांची लोखंडी घंटा फक्त सणाला आणि कुणी मोठा माणूस गेला तरच वाजायची. ते आत आले, माझ्या हातातला माइक त्यांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यात बोलले, "बारा एप्रिल. अडुसष्ट साली याच दिवशी खाडीचं तोंड फुटलं आणि ओटूंच्या घरात जुळं झालं. त्यातला थोरला म्हणजे रोज तुम्हाला पाव विकतो तो. आज त्याला कुणी घासाघीस करू नका."

चुलींपाशी बायका बोटांवर वर्षं मोजू लागल्या. मग कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, खरंच की! माझं लग्न त्याच्या पुढच्याच महिन्यातलं!"

त्या दिवसापासून दिनविशेष त्यांचा झाला. मी जगातलं एक वाक्य वाचायची, बाकीचं ते सांगायचे.

त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र येत. त्यांच्या खोलीत भिंतीवर चर्चच्या कॅलेंडरांचा गठ्ठा टांगलेला होता. सत्तरच्या आसपासपासूनचं एकही वर्ष त्यांनी टाकलं नव्हतं; त्याआधीचं सगळं डोक्यात. प्रत्येक चौकोनात कोळशाने किंवा पेन्सिलीने काढलेली बारीक चित्रं. पाळणा म्हणजे जन्म, आडवी रेघ म्हणजे मृत्यू, मासा म्हणजे भरभरून आलेली जाळी, छत्री म्हणजे मोठ्या मंडळींचं आगमन. ज्याची ज्याची दवंडी त्यांनी दिली होती ते सगळं तिथे होतं.

गावातल्या निम्म्या लोकांना आपली जन्मतारीख ठाऊक नसायची. कार्ड करायला गेलं की कारकून सरसकट एक जानेवारी लिहून मोकळा. कोबिनांना याचा भयंकर राग. "एवढ्या बाया एका दिवशी बाळंत झाल्या असत्या," ते म्हणायचे, "तर माझी घंटा फुटली असती!" मग तारीख शोधायला लोक त्यांच्याकडे येऊ लागले. ते विचारायचे, पाऊस होता की कोरडा वारा? जाळ्यात कोणता मासा होता? त्या आठवड्यात कोण वारलं होतं? वार विचारायची गरजच नसे. आमच्यात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला जन्मताच चिकटतं. मी एफुआ, म्हणजे शुक्रवारची. सोमवारची मुलगी अज्वा, मंगळवारची अराबा. घराण्याचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, वार मात्र मूल स्वतःच घेऊन येतं.

असे दोन वर्षांत त्यांनी शंभरावर लोकांना वाढदिवस मिळवून दिले. फक्त एका तारखेला ते माइकला हात लावत नसत. वीस ऑगस्ट. पहिल्या वर्षी मी विचारलं, तर म्हणाले, "आज तुमचं जगातलंच वाच." दुसऱ्या वर्षी त्या दिवशी ते आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी कॅलेंडर पाहिलं. १९७४च्या वीस ऑगस्टच्या चौकोनात चित्र नव्हतं. कागद फाटेल इतका खरवडलेला होता.

पुढच्या जुलैत, बाजाराच्या दिवशी, एक गारीवाली खोलीपाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर कसाव्याच्या भाजक्या रव्याची, म्हणजे गारीची, भलीथोरली परात. चाळिशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ.

"दर बाजाराला ऐकते," ती म्हणाली. "सगळ्या गावाचे वाढदिवस सांगता. माझा का नाही? मीही याच गावात जन्मले."

"परात खाली ठेव आधी, मान मोडेल," कोबिना म्हणाले. "तुला तर मी ओळखत नाही. कुणाची तू?"

"मी आत जंगलाकडच्या गावची. पण आई गारी विकायला इकडे यायची. पोटुशी असताना खाडीपलीकडून पहाटे चालत येत होती, वाटेतच कळा सुरू झाल्या. तिथल्या एका तांडेलाच्या घरात मी जन्मले."

"नाव काय तुझं?"

"अज्वा. अज्वा एंट्सिवा. त्या तांडेलाचं नाव एंट्सी, त्याच्यावरूनच ठेवलं आईने. ती सांगायची, माणसं होडी पाण्यात ढकलत होती आणि तू पहिलं रडलीस. तांडेल दारातून म्हणाला, आवाज चांगला आहे पोरीचा, आणि गेला. तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरात रडारड सुरू झाली, तेव्हा ओली बाळंतीण आई मला घेऊन आपल्या गावी निघून गेली. पुन्हा इकडे फिरकली नाही."

कोबिना खाली बसले. बसले म्हणजे भिंतीला धरून हळूहळू जमिनीला टेकले. मला वाटलं गुडघा गेला.

"अज्वा," ते म्हणाले. "नक्की अज्वा? अराबा नाही?"

"काय हो बाबा, माझं नाव मला माहीत नसेल?"

ती गारी विकायला गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. गावात मोठ्यांना ते ठाऊक होतं, पण बोलत कुणी नसे.

मंगळवार समुद्राचा. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवशी कुणी होडी पाण्यात घालत नाही, जाळी शिवत बसतात. १९७४च्या वीस ऑगस्टला, मंगळवारी दुपारी, एंट्सीच्या होडीच्या फळ्या आणि दोन प्रेतं लाटांनी बाहेर टाकली. होडीत नऊ माणसं होती, सगळी खाडीपलीकडच्या सहा घरांतली. आदल्या दिवशी, सोमवारी, दर्या खवळलेला म्हणून गावातली एकही होडी गेली नव्हती. तेव्हा कोळ्यांच्या प्रमुखाने ठरवलं की ही माणसं मंगळवारी पहाटे चोरून गेली. बायका कंठशोष करून सांगत होत्या, सोमवारीच गेले, वारा सुटायच्या आधी गेले, एक वाटसरू बाई तेव्हाच आमच्याकडे बाळंत झाली, तिला विचारा. पंच म्हणाले, आणा मग तिला. ती कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. पुढे दोन आठवडे जाळी रिकामी आली आणि गावाची खात्रीच पटली. नऊ जणांचं उत्तरकार्य करायचं नाही, ढोल वाजवायचा नाही, आणि खाडीपलीकडच्या होड्या मोठ्या किनाऱ्यावर ओढायच्या नाहीत, असा निकाल लागला.

"आणि ही दवंडी कुणी दिली असेल?" कोबिनांनी मला विचारलं. "सव्वीस वर्षांचा होतो. नवीन घंटा, खणखणीत आवाज. गावभर ओरडत गेलो की या नऊ जणांनी समुद्राचा दिवस बाटवला. एंट्सीच्या दारासमोरही ओरडलो. त्याची बायको ओटुवा उंबऱ्यात उभी होती. त्या दिवसापासून तिने माझ्या नमस्काराला एकदाही उत्तर दिलेलं नाही. बेचाळीस वर्षं, टीचर."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला अज्वाबरोबर तिच्या गावी पाठवलं. तिथल्या छोट्या चर्चमध्ये जुनी वही सापडायला अख्खा दिवस गेला. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण मधलं सगळं शाबूत होतं. रविवार, एक सप्टेंबर १९७४. अज्वा एंट्सिवा, वय तेरा दिवस. जन्म अबाकुरा, तांडेलाच्या घरी. मी बोटांवर मागे मोजत गेले. एकोणीस ऑगस्ट. कॅलेंडरात पाहिलं, सोमवार. अज्वाला मी सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा मोठ्याने म्हटलं, "एकोणीस ऑगस्ट. एकोणीस ऑगस्ट." मग म्हणाली, "मग कारकुनाने मला आठ महिने म्हातारी केली की!"

कोबिना रिवाजाप्रमाणे जिनची बाटली घेऊन कोळ्यांच्या प्रमुखाकडे गेले आणि पंच बसवायची विनंती केली. आताचे प्रमुख नाना ताबिल, म्हणजे तेव्हाच्या प्रमुखाचे चिरंजीव. किनाऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली पाच पंच बसले. कोबिना, अज्वा आणि वहीची नक्कल घेऊन मी, असे तिघं समोर.

नाना आधीच वैतागलेले होते. "एज्या, बेचाळीस वर्षांची राख उकरून काय मिळणार तुम्हाला?"

"राख असती तर मीही उकरली नसती, नाना. खाडीपलीकडच्या पोरांना अजून त्यांच्या बाजूच्या उसळत्या लाटांतून होडी काढावी लागते. गेल्या साली एकाचा पाय मोडला."

"म्हणजे माझा बाप खोटा, असं म्हणताय तुम्ही?"

"खोटं मी बोललो," कोबिना म्हणाले. "तुमचे वडील झाडाखाली चार माणसांत बोलले. गावभर ओरडत गेलं ते तोंड माझं होतं."

पंचांमध्ये क्वेकू ओटू म्हणून एक म्हातारे होते, जिभेला हाड नसलेले. ते अज्वाकडे हात करून म्हणाले, "ही गारी विकणारी बाई. उद्या कुणी चार पोती जास्त घेतली तर म्हणेल, मी रविवारची!"

"बाबा," अज्वा म्हणाली, "मागच्या बाजारी माझ्याकडून गारी नेलीत, तेव्हा माझं माप खरं होतं ना? वर मूठभर जास्त मागितलीत, तीही दिली."

बघायला जमलेल्या बायका हसल्या. ओटूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

कोबिना पुढे झाले. "मला एवढंच सांगा. हिची आई परगावची. इथे भांडण झालं हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. तेरा दिवसांच्या पोरीचं नाव चर्चच्या वहीत लिहिताना, बेचाळीस वर्षांनी अबाकुरात वारावरून वाद निघेल म्हणून तिने मुद्दाम सोमवारचं नाव दिलं का? पोर ज्या वारी आली तोच वार तिला चिकटला. होडी ढकलताना ती रडली. मग होडी कुठल्या वारी गेली?"

नानांनी वहीची नक्कल मागितली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग अज्वाला विचारलं, "तुझी आई आणखी काय सांगायची त्या सकाळबद्दल?"

अज्वाने विचार केला. "विशेष काही नाही. मला गुंडाळायला घरात सुकं कापड नव्हतं, सगळं धुवून वाळत टाकलेलं. तेव्हा तांडेलाने आपल्या खांद्यावरचं कापड काढून दिलं आणि तसाच उघडा होडीत चढला. निळं-पांढरं होतं. माझ्या थोरल्या मुलापर्यंत आम्ही ते वापरलं, मग फाटलं."

क्वेकू ओटूंचा चेहरा बदलला. "निळं-पांढरं," ते म्हणाले. मग नानांकडे वळले. "त्याचं एकच कापड होतं तसलं, सगळ्यांना माहीत. मी उचललं होतं एंट्सीला पाण्यातून. खांद्यावर काही नव्हतं. आम्ही म्हटलं, समुद्राने रागाने ओरबाडून घेतलं. मीच म्हटलं ते. पहिल्यांदा मीच म्हटलं."

नाना उठले आणि पाण्यापर्यंत चालत जाऊन परत आले. त्यांनी आपल्या वडिलांबद्दल काहीही म्हटलं नाही. फक्त एवढंच बोलले, "उत्तरकार्य करा. होड्या इकडे ओढा. भोंग्यावर सांगून टाका."

"भोंग्यावर नाही," कोबिना म्हणाले.

"का?"

"ते मी पायांनी सांगितलं होतं."

एकोणीस ऑगस्टला, शुक्रवारी, ते निघाले. मी आदल्या दिवशी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. याच तारखेला १८३९ साली छायाचित्र काढायची कला जगापुढे मांडली गेली. पण ओटुवाकडे तिच्या नवऱ्याचा एकही फोटो नव्हता हे आता मला माहीत होतं. मी काहीच वाचलं नाही. भोंगे बंद ठेवले आणि त्यांच्या मागे चालू लागले.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, सुजलेला गुडघा, खांद्याला घंटा. मी म्हटलं, मोटारसायकलवर बसा. ते ऐकून न ऐकल्यासारखे पुढे निघाले. प्रत्येक चौकात ते थांबायचे, घंटेवर तीन टोले द्यायचे आणि ओरडायचे, "ऐका हो ऐका! मी कोबिना अकॉन. चौऱ्याहत्तर साली या जागेवर उभा राहून मी खोटं बोललो. एंट्सी आणि त्याचे आठ सोबती सोमवारी गेले. त्यांनी समुद्राचा दिवस बाटवला नाही. आपण त्यांना बाटवलं!" मग नऊ नावं. एकही नाव न अडखळता, प्रत्येकाच्या आईच्या नावासकट.

तिसऱ्या चौकानंतर आवाज घोगरा झाला. केंकी, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईने पाणी आणून दिलं. लोक दारात येऊन उभे राहत होते, टोप्या काढत होते. आधी माझे विद्यार्थी मागे लागले, मग बायका चुली सोडून आल्या, मग जाळी तशीच टाकून कोळी. खाडीपाशी पोचेपर्यंत निम्मं गाव मागे होतं. ओहोटी होती, गुडघाभर पाण्यातून दोन कोळ्यांनी त्यांना हात दिला. तो मात्र त्यांनी घेतला.

म्हाताऱ्या बाईला आम्ही मामे म्हणतो; मामे ओटुवा दारासमोर बसून मासे साफ करत होती. पंचाहत्तरीची, पाठ वाकलेली, पण हात झरझर चालणारे. घंटा तिने लांबूनच ऐकली असणार. तिने मान वर केली नाही.

कोबिना तिच्यापासून पाच पावलांवर थांबले. तिथेच, बेचाळीस वर्षांपूर्वीच्या जागी. तीन टोले दिले. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. पुन्हा प्रयत्न केला. शेवटी साध्या बोलीत, समोरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "ओटुवा, तू खरं सांगत होतीस. ती बाई होती. तिची पोर घेऊन आलोय."

अज्वा पुढे आली. ओटुवाने सुरी खाली ठेवली, हात कापडाला पुसले आणि तिला न्याहाळलं. मग म्हणाली, "नाळ मी कापली तुझी. किती ओरडत होतीस गं! तो म्हणाला, ही पोर बाजारात नाव काढेल."

"काढलंय ना, मामे," अज्वा म्हणाली आणि रडायला लागली.

ओटुवा रडली नाही. तिने तिला शेजारी बसवलं. मग कोबिनांकडे पाहिलं. ते अजून तसेच उभे होते, घंटा हातात, गुडघा थरथरत.

"सगळ्या गावात सांगितलंस?"

"सगळ्या."

"चालत?"

"चालत."

"नावं घेतलीस? नऊच्या नऊ?"

"घेतली. पुन्हा घेऊ?"

"घे," ती म्हणाली.

त्यांनी घेतली. उरल्यासुरल्या आवाजात, एकेक. प्रत्येक नावाला खाडीपलीकडच्या कुठल्या ना कुठल्या घरातून हुंदका आला. शेवटचं नाव झाल्यावर ओटुवा म्हणाली, "बस आता, कोबिना. पाय बघ कसा झालाय. कुणीतरी स्टूल आणा रे याला."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उत्तरकार्य झालं. लाल-काळे कपडे घालून अख्खं गाव आलं; ढोल संध्याकाळपर्यंत वाजले. नाना ताबिल सगळ्यांच्या मागे, उन्हात, छत्रीशिवाय उभे होते. क्वेकू ओटूंनी निळं-पांढरं नवं कापड आणलं होतं. ते एंट्सीच्या नावाने समुद्रात सोडायचं की अज्वाला द्यायचं यावर थोडा वाद झाला. ओटुवाने निकाल दिला, अर्धं अर्धं करा.

त्यानंतर दोन महिने कोबिनांचा गुडघा त्यांना खाटेवरून उठू देईना. गावाला दिनविशेष चुकवायचा नव्हता, म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याकडे जायची, ते कॅलेंडरावर काठी ठेवून सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. तिथे बहुतेक दिवशी ओटुवाच्या घरून आलेलं माशांचं कालवण झाकून ठेवलेलं असायचं.

खाडीपलीकडच्या चार होड्या आता मोठ्या किनाऱ्यावर, बदामाच्या झाडाच्या डाव्या अंगाला ओढलेल्या असतात. पहिली होडी आली त्या दिवशी ती ओढायला इतकी माणसं धावली की तिच्या मालकाला स्वतःच्याच होडीला हात लावायला जागा मिळाली नाही.